तक्रार नको, लेखाशीर्ष सांग

माझं पहिलं निवेदन चार पानी होतं. लघुउद्योजकांवर वीजदराचं ओझं, कर्जासाठी मारावे लागणारे हेलपाटे, अंबड औद्योगिक वसाहतीतल्या रस्त्यांची झालेली चाळण, अशा एकूण एकोणीस मागण्या. वर संस्थेचं लेटरहेड, खाली अध्यक्षांच्या सहीसाठी जागा. विधिमंडळाची एक समिती नाशिकच्या दौऱ्यावर यायची होती आणि उद्योजकांच्या संघटनेत मला नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा एक काका यायचे, महालेखापाल कार्यालयातून निवृत्त झालेले. त्यांनी उभ्या उभ्या चारही पानं वाचली आणि चष्मा खिशात ठेवत म्हणाले, "अगं, हे गाऱ्हाणं झालं. यातला कोणता रुपया कुठे अडलाय? लेखाशीर्ष कुठंय?"

लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशोबात त्या खर्चाला दिलेला खात्याचा क्रमांक, हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. बी.कॉम. झालेली, वडिलांच्या सातपूरच्या शेडचा जीएसटी भरणारी मी. ताळेबंद वाचता येतो म्हणजे अर्थसंकल्पही वाचता येईल, असा माझा समज. सरकारी हिशोबाची मोडणीच वेगळी असते, हे कळायला वर्ष गेलं. या कामात नव्याने येणाऱ्या तुमचं ते वर्ष वाया जाऊ नये म्हणून हे लिहितेय.

आधी काम काय ते सांगते, कारण घरी विचारलं तर मलाही अजून नीट सांगता येत नाही. उद्योजकांच्या संघटना, आमदारांची कार्यालयं, काही सीए आणि स्वयंसेवी संस्था यांना अशी माणसं लागतात, जी राज्याचा अर्थसंकल्प, शासन निर्णय आणि महालेखापरीक्षकांचे (कॅगचे) अहवाल वाचून त्यातून एका पानाचा कागद काढू शकतील. जाहिरात फारशी निघत नाही. पगार सुरुवातीला बेताचा असतो, हेही आधीच सांगितलेलं बरं. वाणिज्य किंवा अर्थशास्त्राची पदवी उपयोगी पडते, पण माझ्याबरोबरची सगळ्यात हुशार मुलगी मराठी घेऊन एम.ए. झालेली होती. सरकारी मराठी तिला आमच्यापेक्षा लवकर उमगली.

विधिमंडळ समितीची 'सुनावणी' म्हटलं की नवीन मुलांच्या डोळ्यांपुढे कोर्ट येतं. आपण उभे राहणार, बाजू मांडणार, समोरचे आमदार मान डोलावणार. तसं काही नसतं. राज्याच्या विधिमंडळात पैशांची चौकशी मुख्यतः तीन समित्या करतात. लोकलेखा समिती झालेला खर्च तपासते आणि तिचा मुख्य आधार महालेखापरीक्षकांचा अहवाल असतो. अंदाज समिती विभागांचे अंदाज आणि काटकसर बघते. सार्वजनिक उपक्रम समिती महामंडळं आणि सरकारी कंपन्या बघते. मंत्री या समित्यांचे सदस्य नसतात आणि लोकलेखा समितीचं अध्यक्षपद प्रघाताने विरोधी पक्षाकडे जातं. साक्ष होते ती विभागाच्या सचिवांची आणि अधिकाऱ्यांची, आपली नाही. बैठक बंद दाराआड चालते आणि अहवाल सभागृहात ठेवला जाईपर्यंत कामकाज गोपनीय असतं. आत काय झालं ते कुणाला विचारू नका, आणि कुणी आपणहून सांगितलं तर व्हॉट्सॲपवर टाकू नका. आमच्या एका उत्साही सहकाऱ्याने टाकलं होतं. त्यानंतर बरेच महिने आमचा फोन कुणी उचलत नव्हतं.

मग आपला उपयोग कुठे? साक्षीच्या आधी. सदस्यांच्या टेबलावर कागदांचे गठ्ठे असतात. त्यात तुमचं एक पान असेल आणि त्यावर एकच असा प्रश्न असेल की ज्याचं उत्तर अधिकाऱ्याला आकड्यातच द्यावं लागेल, तर तो विचारला जाण्याची शक्यता असते. "लघुउद्योजकांकडे दुर्लक्ष का?" याचं उत्तर कुठलाही सचिव झोपेतही देईल. "या लेखाशीर्षाखालची तरतूद ३१ मार्चला किती शिल्लक होती आणि का?" याला फाइल उघडावी लागते.

आता ते लेखाशीर्ष. सरकारच्या प्रत्येक खर्चाला चार आकडी मुख्य शीर्ष असतं आणि त्याखाली उपशीर्षांची उतरंड. ग्रामोद्योग व लघुउद्योग यांचा महसुली खर्च २८५१ खाली, भांडवली खर्च ४८५१ खाली, कर्जं ६८५१ खाली. मोठ्या उद्योगांचं शीर्ष २८५२. काकांनी त्याच आठवड्यात मला २८५१ ची पानं काढायला लावली. प्रत्येक ओळीपुढे रकाने असतात: गेल्या वर्षीच्या प्रत्यक्ष रकमा, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. नवखा माणूस शेवटच्या रकान्याकडे धावतो, कारण पेपरात तोच छापून येतो. तुम्ही अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यामधली फट बघा. तीन वर्षांचे अर्थसंकल्प शेजारी ठेवले की ती फट सवयीची आहे की अपघाताची, ते दिसतं. मी हे काम चौकटीच्या वहीत शिसपेन्सिलीने केलं. एक्सेलमध्येही होतं, पण हाताने आकडा उतरवताना डोळा अडखळतो, आणि अडखळणंच तर हवं असतं.

शब्दांकडेही नीट बघा. घरात बचत झाली की आई खूश होते. सरकारी हिशोबात बचत म्हणजे सभागृहाने मंजूर केलेला पैसा खर्चच झाला नाही. तो वेळेत परत केला तर 'समर्पित', पडून राहिला आणि वर्ष उलटलं तर 'व्यपगत', एका शीर्षावरून दुसरीकडे वळवला तर 'पुनर्विनियोजन'. हे चार शब्द पाठ झाले की मंजूर तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी मांडणारं विनियोजन लेख्यांचं पुस्तक वाचता येतं. चालू वर्षाचा खर्च बघायला वित्त विभागाची बीम्स ही प्रणाली आहे. तरतूद किती, वितरित किती, खर्च किती, हे तिथे दिसतं. 'वितरित' म्हणजे 'खर्च' नव्हे. ही चूक मी छापील पत्रकात केली होती.

शासन निर्णय वाचताना आणखी एक सोय सांगते. प्रत्येक जीआरला लांबलचक संगणक सांकेतांक असतो, त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. एकाच योजनेचे पाच जीआर समोर आले की कोणता शेवटचा, ते त्यावरून झटकन कळतं.

वेळापत्रक थोडक्यात. अर्थसंकल्पी अधिवेशन साधारण फेब्रुवारी-मार्चला मुंबईत. भाषणानंतर विभागवार अनुदानाच्या मागण्यांवर, म्हणजे प्रत्येक विभागाने मागितलेल्या खर्चावर, चर्चा आणि मतदान, त्याच वेळी ती रक्कम कमी करा म्हणणाऱ्या कपात सूचना येतात. शेवटच्या दिवशी उरलेल्या मागण्या चर्चेविना एकत्र मंजूर होतात, त्याला गिलोटीन म्हणतात. आपला विभाग त्यात गेला तर हळहळायचं आणि पुढे जायचं. पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा पैसा, पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात. त्यांना दुय्यम समजू नका. १० मार्च २०२५ ला मांडलेला अर्थसंकल्प ७,००,०२० कोटींचा होता आणि त्यानंतर चार महिन्यांच्या आत पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. मार्चमध्ये वाचलेलं पुस्तक जुलैत जुनं होतं ते असं.

आता ज्या प्रश्नावर मी खऱ्या अर्थाने शिकले, त्याबद्दल. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून चालू आहे. उत्पादनाच्या प्रकल्पाला सुरुवातीला ५० लाखांपर्यंतची मर्यादा होती, आणि अर्जदार शहरातला की ग्रामीण, सर्वसाधारण की विशेष प्रवर्गातला, यानुसार १५ ते ३५ टक्के अनुदान. अर्ज ऑनलाइन होतो, जिल्हा उद्योग केंद्र छाननी करतं, शिफारस होऊन प्रकरण बँकेकडे जातं. आमच्याकडे येणारे बहुतेक तरुण बँकेच्या पायरीवर अडलेले. सिन्नरच्या एकाने पॅकिंग युनिटसाठी शेड भाड्याने घेतली, कोटेशनं आणली, आणि एका बँकेने आठ महिने त्याला ना होकार दिला ना लेखी नकार. भाडं चालू. तो आमच्या कार्यालयात बसून रडला होता.

मी तावातावाने बँकेविरुद्ध निवेदन लिहिलं. काका म्हणाले, "बँका राज्याच्या हिशोबात येतात का?" येत नाहीत. समिती तपासणार ती राज्याच्या विभागाचा खर्च. बँकेचा विषय जिल्हाधिकाऱ्यांकडच्या बँकांच्या समन्वय बैठकीत न्यायचा, तिथे अग्रणी बँकेचे अधिकारी असतात. तसा तो नेला. समितीसाठी प्रश्न वेगळा घडवावा लागला. या योजनेत तीन आकडे असतात: बँकेकडे पाठवलेली प्रकरणं, बँकेने मंजूर केलेली, आणि ज्यांच्या खात्यात कर्ज व अनुदान खरंच पडलं ती. 'उद्दिष्ट साध्य' म्हणताना यातला कोणता आकडा धरला, हे तालुकावार विचारायचं. आणि तीच वर्षं घेऊन अनुदानाच्या तरतुदीतून किती रक्कम समर्पित झाली, ते शेजारी ठेवायचं. एवढंच. एकोणीस मागण्यांच्या जागी सहा ओळी झाल्या. अध्यक्षांना त्या फार फिक्या वाटल्या, "यात आपली कळकळ कुठे दिसते?" म्हणाले. सही मात्र केली.

दौऱ्याच्या दिवशी आमच्या शिष्टमंडळाला पाच मिनिटं मिळाली, म्हणजे खरं तर निवेदन द्यायचं, नमस्कार करायचा आणि बाहेर यायचं. नंतर आम्ही व्हरांड्यात थांबलो. कापडात बांधलेले फायलींचे गठ्ठे घेऊन वेगवेगळ्या कार्यालयांचे लोक आत-बाहेर करत होते. एक कारकून माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, तालुकावार कुठून काढला तुम्ही? रात्री एक वाजेपर्यंत बसलो आम्ही." मला तेव्हा अपराधी वाटलं, अजूनही थोडं वाटतं. आकडा मागणाऱ्याने तो गोळा करणाऱ्याचं तोंडही एकदा बघावं.

रस्त्यांचं काय झालं? ती माझी वेगळी फजिती. उद्योग विभागाच्या मागण्यांत मी चार दिवस अंबडचे खड्डे शोधत बसले होते. ते तिथे सापडणारच नव्हते. एमआयडीसी हे १९६१ च्या अधिनियमाखाली १९६२ मध्ये उभं राहिलेलं महामंडळ. जमीन, पाणी, सेवाशुल्क असं त्याचं स्वतःचं उत्पन्न आणि स्वतःचा अर्थसंकल्प. वर सातपूर-अंबड महापालिकेच्या हद्दीत, म्हणजे घरपट्टी महापालिकेकडे. तेव्हा खड्ड्यावर निवेदन लिहिण्याआधी तो खड्डा कोणाचा, हे ठरवणारा करार किंवा ठराव हाताशी हवा. महामंडळ म्हटलं की आपण मुंबईकडे बघतो, पण आदिवासी विकास महामंडळ आणि शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ या दोघांची मुख्यालयं नाशिकलाच आहेत. शिकणाऱ्याला याहून जवळचा धडा मिळणार नाही: त्यांच्यावरचे जुने लेखापरीक्षण परिच्छेद (महालेखापरीक्षकांच्या अहवालातले आक्षेप) काढा, पुढे समितीच्या अहवालात काय आलं ते बघा, आणि शासनाने त्यावर काय केलं ते शोधा. एक परिच्छेद असा तळापर्यंत नेला की बाकीचं आपोआप समजायला लागतं.

मुंबईला जायची वेळ येतेच. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरायची. पासधारकांच्या डब्यात बसायला जाऊ नका, जागेवरून ओरडा खाल. विधान भवनाचं प्रवेशपत्र आदल्या आठवड्यातच आमदारांच्या कार्यालयामार्फत सांगून ठेवा. अधिवेशन चालू असताना ऐनवेळी गेलात तर गेटवरच दिवस जातो, माझे असे दोन गेलेत. हिवाळी अधिवेशन नागपूरला, तेव्हा रात्रीची गाडी आणि स्वेटर. आमदारांना स्वतःला भेटण्यापेक्षा त्यांच्या स्वीय सहायकांशी नीट ओळख ठेवा. कागद त्यांच्याच बॅगेत असतो.

आमच्या त्या सहा ओळींचं पुढे काय झालं ते दीड वर्षाने कळलं. अहवाल सभागृहात ठेवला गेला आणि त्यात तालुकावार आकडेवारीचा प्रश्न जवळजवळ आमच्याच शब्दांत होता. संस्थेचं नाव कुठेही नाही. अध्यक्ष खट्टू झाले. मी ते पान झेरॉक्स करून काकांना द्यायला गेले तर त्यांनी आधी विभागाचं उत्तर शोधलं: "कार्यवाही सुरू आहे." ते हसले आणि पेन्सिलीने त्याखाली रेघ मारून म्हणाले, "हं, आता पुढच्या वेळचा प्रश्न हा."

सिन्नरच्या त्या मुलाचं कर्ज दुसऱ्या बँकेतून झालं, आमच्या निवेदनाचा त्यात काडीचा वाटा नाही. यंदाच्या निवेदनात त्याच्या तालुक्यापुढचे दोन रकाने भरलेत. तिसरा, प्रत्यक्ष वाटपाचा, अजून रिकामा आहे. माहितीच्या अधिकारातलं उत्तर आलं की भरायचा.