धातूचं कॉम्प्लेक्स घातलं आणि ड्रॉप दुधासारखा झाला? या चुका टाळा

प्रोटीनची रचना एक्स-रेनं बघायची तर आधी त्याचे स्फटिक लागतात. ते यावेत म्हणून ट्रेमधल्या प्रोटीनच्या छोट्या थेंबांत, म्हणजे ड्रॉपमध्ये, धातूचं कॉम्प्लेक्स (धातूचा अणू धरून ठेवलेला रेणू) ॲडिटिव्ह म्हणून घालतात. एप्रिल-मेमध्ये आमच्या सांगलीच्या लॅबमध्ये प्रोजेक्टची पोरं एकच तक्रार घेऊन येतात: "सर, ॲडिटिव्ह घातलं आणि सगळं पांढरं झालं. प्रोटीन गेलं!" बऱ्याचदा प्रोटीन कुठंही गेलेलं नसतं.

एका मुलीनं तीन महिने खपून प्रोटीन शुद्ध केलं, तेही फॉस्फेट बफरमध्ये (बफर म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण). टर्बियम या धातूचं कॉम्प्लेक्स संपलेलं, म्हणून "टर्बियम ते टर्बियमच" असं म्हणत साधं टर्बियम क्लोराइड घातलं. चोवीसच्या चोवीस ड्रॉप पांढरेफटक. तिनं उरलेलं प्रोटीन बेसिनमध्ये ओतलं आणि मग मला सांगायला आली. मी काचपट्टीवर तिचं नुसतं बफर घेतलं, त्यात टर्बियमचा एक थेंब सोडला. तेच दही! टर्बियम फॉस्फेट पाण्यात विरघळत नाही, एवढीच गोष्ट. पोरगी काही बोलली नाही. मी चहा मागवला.

कॉम्प्लेक्समध्ये लिगंड, म्हणजे धातूला जोडलेला रेणू, त्याला कवेत धरून ठेवतो, त्यामुळे असा साका सहसा बसत नाही. पण म्हणून फॉस्फेट चालतं असं नाही. क्रिस्टलोफोर नावाचं टर्बियमचं कॉम्प्लेक्स फ्रान्समधल्या गटानं २०१७ मध्ये मांडलं. त्यात धातूच्या काही जागा मोकळ्या असतात. प्रोटीनच्या पृष्ठभागावरची ॲस्पार्टेट, ग्लुटामेट ही ऋणभारित अमिनो आम्लं तिथं येऊन बसतात आणि दोन रेणू जवळ येतात. फॉस्फेट किंवा सायट्रेट त्या जागा आधीच अडवून बसलं, तर प्रोटीननं बसायचं कुठं? मी प्रोटीन हेपेस (फॉस्फेट नसलेलं बफर) आणि मिठाच्या पाण्यात घेतो, बफर दोनदा बदलतो. प्रत्येक ओळीत एक ड्रॉप प्रोटीनशिवाय लावतो आणि एक ॲडिटिव्हच्या जागी तेवढंच पाणी घालून, कारण ॲडिटिव्हमुळे ड्रॉप पातळही होतो. हे दोन ड्रॉप वाचवणाऱ्यांना मी ट्रे देत नाही.

दुसरी खोड: "थोड्या कॉम्प्लेक्सनं स्फटिक आले, मग जास्त घालू." माझे मामा साखर कारखान्यात पॅनमन, म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा पाडणारे, होते. रस फार घट्ट झाला की पॅनमध्ये एकदम बारीक दाणा उठतो, त्याला ते फॉल्स ग्रेन म्हणायचे, आणि पाणी मारून तो विरघळवायचे. ड्रॉपमध्येही तसंच होतं: रात्रीत शेकडो सुया, एकही एक्स-रेला लावण्याजोगी नाही. अशा वेळी कॉम्प्लेक्स वाढवू नका, प्रोटीन निम्मं करा. कोबाल्ट हेक्झामीन हे दुसरं कॉम्प्लेक्स ड्रॉपमध्ये १० मिलिमोलर, ही माझी सुरुवात. तिथून मी खालीच येतो.

बाकीचं थोडक्यात. ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) असलेल्या बफरमध्ये धातू घालणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणं. प्रोटीनचं ऑक्सिडीकरण टाळायला घालतात ते डीटीटीही धातूला धरतं, ते आधी काढा. हिस्टिडिन टॅग (शुद्धीकरणासाठी प्रोटीनला जोडलेली शेपटी) ठेवलात तर निकेल, जस्त तिथंच जाऊन चिकटतील. आणि टणक, सुईनं टोचल्यावर कट्कन फुटणारा स्फटिक बहुधा मिठाचा असतो. पेढे आणण्याआधी टोचून बघा. प्रोटीनचा असेल तर भुसभुशीत चुरा होतो. टर्बियम कॉम्प्लेक्सचा ड्रॉप यूव्हीखाली हिरवा चमकतोच, म्हणून नुसत्या हिरव्यावर नाचू नका. भोवतालच्या द्रवापेक्षा स्फटिक उजळ दिसतोय का, ते बघा.

धातूची ही युक्ती काही कालची नाही. जस्तासारखा धातू असला की इन्सुलिनचे स्फटिक येतात, हे स्कॉट या संशोधकानं १९३४ मध्ये दाखवलं. पण आमच्या पोरांना ते दुसऱ्या दिवशी सकाळीच हवे असतात. पेरलेलं बी रोज उकरून बघावं तसा ट्रे उघडतात. ड्रॉप सुकतो, आणि वर लाइट गेली की खोली पस्तिशीला पोचते. मी ट्रे थर्माकोलच्या डब्यात ठेवून वर चिठ्ठी लावतो: "सात दिवस हात लावू नये." परवा तिच्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, "सर, आज सहावा."