मुक्कामावर सरपण फोडायला कुऱ्हाड घेताना

लाकूड तोडायची कुऱ्हाड वेगळी आणि फोडायची वेगळी, हे मनात पक्कं करूनच बाजारात जा. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं शेत आहे. थंडीत तिथे पोरांची शिबिरं आणि पाहुण्यांचे मुक्काम असतात, आणि चुलीचं सगळं माझ्याकडे असतं. भरताची वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजली जातात, त्याला कुऱ्हाड लागत नाही. पण मोठ्या पातेल्यात शेवभाजीचा रस्सा उकळवायचा, वर रात्रभर शेकोटी ठेवायची, तर मनगटाएवढी फोडलेली लाकडंच हवीत. सालीसकट गोल ओंडका चुलीत घातला की नुसता धुमसतो. तोच चार फाकांत फोडून ठेवला तर आतून वाळतो आणि लगेच पेट घेतो.

तोडायच्या कुऱ्हाडीचं पातं पातळ असतं, कारण तिला लाकडाचे धागे आडवे कापायचे असतात. फोडताना धागे कापायचे नसतात, एकमेकांपासून दूर सारायचे असतात. म्हणून फोडायच्या कुऱ्हाडीचे गाल जाड हवेत. धारेपासून नेढ्यापर्यंत, म्हणजे दांडा बसतो त्या भोकापर्यंत, पातं पाचरीसारखं फुगत गेलं पाहिजे. दुकानात कुऱ्हाड उलटी धरा आणि वरून बघा. नेढ्यापाशी निदान अडीच-तीन बोटं जाडी दिसली आणि ती धारेकडे सरळ उतरत आली, तर वस्तू कामाची आहे. पातळ पात्याची घेतलीत तर ती ओंडक्यात रुतून बसेल, आणि लाकूड फोडण्यापेक्षा कुऱ्हाड उपसण्यातच तुमचा दम जाईल. धारेवर अंगठा फिरवून कुऱ्हाड पसंत करणारे लोक मी नेहमी बघते. धार घरी लावता येते, गाल घरी घडवता येत नाहीत.

आता वजन. हार्डवेअरच्या दुकानात अडीच-तीन किलोची, मागून घणासारखी दिसणारी कुऱ्हाड मिळते. वखारीत किंवा वाड्याच्या मागच्या अंगणात जाड बुंधे फोडायचे असतील तर ती उत्तम. मुक्कामावर ती कोणी नेऊ नये. तिथे मांडीएवढ्या जाडीच्या वर लाकूड सहसा येत नाही. सव्वा ते दीड किलोचं डोकं, म्हणजे दांड्याशिवायचं लोखंड, पुरतं, हलक्या बांध्याच्या माणसाला एक किलोचंही चालतं. दांडा साधारण साठ-सत्तर सेंटिमीटर. मापायची सोपी रीत अशी, की दांड्याचं टोक काखेत धरून हात लांब करायचा, नेढं तळहातात आलं पाहिजे. मग तीच कुऱ्हाड दोन्ही हातांनी डोक्यावर नेऊन सावकाश खाली आणा, असं आठ-दहा वेळा करा. शेवटी हात थरथरायला लागले तर एक माप खाली या. दुकानदार घाई करील, करू द्या.

एका हाताची छोटी कुऱ्हाड पोरांना फार आवडते, आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते. लांब दांड्याचा घाव चुकला तर बहुतेक वेळा जमिनीत जातो. आखूड दांड्याचा चुकला तर तो नडगीवर किंवा गुडघ्यावर येतो. काटक्या आणि ढलप्या काढायला ती जरूर ठेवा, पण उभ्यानं चालवू नका. गुडघे टेकून, ओंडका पुढ्यात ठेवूनच चालवा.

तुम्ही कोणतं लाकूड जाळणार, त्यावरही निवड ठरते. सुबाभळीचं लाकूड सरळ धाग्याचं, हलक्या कुऱ्हाडीनंही दोन भाग होतं. बाभूळ कठीण, पण तिचा निखारा चांगला टिकतो, म्हणून आमच्याकडे बांधावरची छाटलेली बाभूळच जास्त जळते. ती थोडी ओली असतानाच फोडून रचून ठेवावी, कडक वाळली की हातांना झटके बसतात. कडुनिंबाचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. तिथे जाड गालाची कुऱ्हाड हवीच, आणि घाव मधोमध न घालता कडेनं घालत आत यायचं. चिंचेच्या वाटेला जाऊ नका. तिचे धागे इतके गुंतलेले असतात की खाटीक मांस तोडायला चिंचेचाच ओंडका वापरतात. अंजनाचं वाळलेलं लाकूड पाण्यात बुडतं, एवढं जड. ते मुक्कामावर फोडण्याचा हट्ट कशाला? वाकडी गाठ असलेला तुकडा कुठल्याही झाडाचा असो, तो न फोडता रात्री शेकोटीला लावावा.

हे लाकूड घरून न्या, हे फार कळकळीनं सांगते. यावल अभयारण्यात किंवा सातपुड्याच्या राखीव जंगलात परवानगीशिवाय लाकूड तोडणं हा गुन्हा आहे. भारतीय वन अधिनियम १९२७चा आहे, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२चा. पण कायदा बाजूला ठेवला तरी, पाहुणे म्हणून जाऊन डोंगरातलं झाड पाडायचं हे बरं नाही. कुऱ्हाड मुक्कामाच्या जागीच राहू द्या, ती घेऊन रानात शिरू नका.

कारखान्याची घ्यावी की लोहाराकडची? मी लोहाराकडची घेते. गाडी लोहार किंवा घिसाडी गावाबाहेर पाल टाकून बसले की त्यांच्याकडे जा आणि ट्रकच्या कमानपाट्याचं, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीचं पोलाद वापरायला सांगा. माझी मागणी नेहमी एवढीच, "भाऊ, फोडानी कुऱ्हाड दखाड, तोडानी नको." घडवून घेण्याचा फायदा हा, की गाल हवे तेवढे जाड ठेवून मिळतात. पाणी नीट दिलंय का, म्हणजे पोलाद तापवून बुडवून बेताचं कडक केलंय का, हे कानशीनं कळतं. धारेवर कानस अलगद ओढा. ती काहीच न खाता घसरली तर पोलाद फार कडक आहे, थंडीत गाठीवर बसली की धारेचा तुकडा उडेल. सहज खूप खाल्लं तर मऊ आहे, धार दुमडेल. कानस जरा अडखळत पण चावत गेली पाहिजे.

दांड्याला धामण किंवा तिवस या झाडांचं लाकूड मिळालं तर दुसरं बघू नका. दोन्ही लाकडं चिवट आणि झटका सोसणारी. दांड्याच्या टोकाला दिसणाऱ्या रेषा पात्याच्या दिशेनं उभ्या असाव्यात, आडव्या असतील तर दांडा तिथूनच चिरतो. रंगवलेला दांडा नको, रंगाखाली चीर लपते.

आपल्याकडे याहून मोठा त्रास उन्हाचा. भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. त्या कोरड्या झळांनी दांड्याचं लाकूड आकसतं आणि दिवाळीला घट्ट असलेली कुऱ्हाड मे महिन्यात खुळखुळते. बरेचजण ती रात्रभर पाण्यात ठेवतात. दुसऱ्या दिवशी घट्ट वाटते खरी, पण फुगलेलं लाकूड नेढ्यात दाबलं जातं आणि वाळल्यावर आणखी ढिलं होतं. पाण्याऐवजी कच्चं जवसाचं तेल वापरा. दांड्याचं नेढ्यातलं टोक तेलात बुडवून ठेवा, उरलेल्या दांड्यालाही चोळा, आणि पाचर सैल असेल तर नवी ठोका. फोडायला सुरुवात करण्याआधी प्रत्येक वेळी डोकं हातानं हलवून बघा. किंचित जरी हललं तरी त्या दिवशी ती कुऱ्हाड बाजूला ठेवा, कारण निसटलेलं पातं समोर बसलेल्या पोरांच्या दिशेनं जातं.

फोडताना खाली गुडघ्याएवढ्या उंचीचा रुंद ओंडका घ्या, दगडावर किंवा मातीवर फोडू नका. पाय फाकवून उभे राहा, पायात बूट हवेत, चपला नकोत. आजूबाजूला दोन दांड्यांच्या अंतरात कोणी नको. ओंडक्याच्या तोंडावर वाळताना पडलेली भेग शोधा आणि घाव तिच्या रेषेत घाला. कुऱ्हाड अडकली तर तिच्या माथ्यावर हातोडा मारू नका, नेढं फुटतं. दांडा वरखाली हलवून मोकळी करा.

नेता-आणताना धारेवर जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा चढवा आणि दोरीनं बांधा. जीपमध्ये सीटखाली, धार गाडीच्या भिंतीकडे करून ठेवा. पोहोचल्यावर ती कुणाकडे राहील ते आधीच ठरवा, आणि अंधार पडला की त्याच माणसानं ती उचलून आत ठेवावी.