किनाऱ्यावर तैलरंग: शरदातल्या चित्रसहलीची तयारी

समुद्रकिनारी जागेवर उभे राहून तैलरंगात काम करायचे असेल, तर यादीत पहिले नाव भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाचे. रंग, ब्रश, इझल (चित्र टेकवायची घोडी) सगळे त्यानंतर. शरदात तर याला पर्यायच नाही. सूर्य विषुववृत्तावर येतो त्या सुमारास, म्हणजे शरदापुरते बोलायचे तर उत्तर गोलार्धात सप्टेंबरच्या आणि दक्षिण गोलार्धात मार्चच्या उत्तरार्धात, वर्षातली सर्वांत मोठी उधाणे येतात. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस पाणी खूप वर चढते आणि तितकेच खाली उतरते. ओहोटीला उघडा पडलेला खडकांचा पट्टा चित्रासाठी मोहात पाडणारा असतो, पण परतीची वाटही बहुधा त्याच पट्ट्यातून असते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने नोव्हेंबर १८८५ मध्ये फ्रान्समधल्या एत्रताच्या कड्याखाली वाऱ्याला आडोसा बघून रंगवत होता. पाणी ओसरते आहे अशी त्याची खात्री होती, प्रत्यक्षात ते चढत होते. लाटेने त्याला कड्यावर आपटले आणि इझल, पिशवी, चालू चित्र सगळे समुद्रात गेले. वाऱ्याचा उत्तम आडोसा आणि पाण्याचा सापळा पुष्कळदा एकाच जागी असतात, हे जागा निवडताना ध्यानात ठेवा.

वेळापत्रक नुसते खिशात ठेवून भागत नाही, त्यावरून दिवस आखावा लागतो. बहुतेक किनाऱ्यांवर भरतीपासून ओहोटीपर्यंत सुमारे सव्वासहा तास जातात. त्यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या तासात जवळपास निम्मे पाणी हलते. पहिल्या आणि शेवटच्या तासात मात्र एकूण फरकाचा बारावा हिस्साच. म्हणून पाण्याची कड चित्रात महत्त्वाची असेल, तर पूर्ण ओहोटीच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक तास, असे दोन तास पकडावेत. तेवढ्यात कड फारशी सरकत नाही. पूर्ण भरतीलाही हेच गणित, फक्त तेव्हा उंचावर उभे राहायचे. दुसऱ्या दिवशी ही वेळ साधारण ५० मिनिटे पुढे जाते. त्यामुळे 'उद्या याच वेळी येऊन उरलेले पूर्ण करू' हा बेत समुद्रावर फसतो: उजेड तोच मिळतो, पाणी वेगळे. तेच पाणी त्याच उजेडात पुन्हा मिळायला पंधरवडा लागतो. दोन बैठकांचे चित्र असेल तर पाण्याची कड, ओले खडक आणि ओली वाळू पहिल्याच बैठकीत लावून टाका, आकाश आणि कडे दुसरीसाठी ठेवा. फार धावपळ नको असेल तर अष्टमीच्या आसपासचे भांगाचे दिवस निवडा, तेव्हा पाण्याची चढउतार सर्वांत कमी असते. छापील आकड्यांवर वादळी हवेत विसंबू नका. हवेचा दाब १ मिलिबारने उतरला की पाणी सुमारे १ सेंटिमीटर चढते, आणि किनाऱ्याकडे वाहणारा वारा त्यात भर घालतो.

उजेडाचा हिशेब त्यामानाने सोपा. शरदात सूर्य खाली असतो, सावल्या लांब पडतात आणि कड्याच्या अंगावर तिरका उबदार उजेड बराच वेळ टिकतो. म्हणून उन्हाळ्यात भर दुपारी सपाट दिसणारी जागा या दिवसांत दुपारीही रंगवण्याजोगी असते. पण सूर्य तासाला १५ अंश सरकतोच. दीड ते दोन तासांपेक्षा लांब बैठक धरली, तर चित्राच्या डाव्या बाजूला एक वेळ आणि उजव्या बाजूला दुसरी दिसू लागते.

आता वारा. इझल म्हणून कॅमेऱ्याच्या तिवईवर बसणारी छोटी रंगपेटी सर्वांत सोयीची. उंच लाकडी इझल किनाऱ्यावर टिकत नाही. तिवईचे पाय जास्तीत जास्त फाकवा, मधला दांडा वर काढू नका आणि आकड्याला दगडांची पिशवी लटकवा. पिशवी जमिनीला जेमतेम टेकेल इतकी खाली हवी. अधांतरी राहिली तर ती वाऱ्यात झुलते आणि इझल स्थिर करण्याऐवजी हलवत बसते. वाळूत पाय रुततात, म्हणून बरण्यांची तीन जुनी झाकणे पायांखाली ठेवायला घ्या. तिवईचा सर्वांत खालचा भाग वीतभर तरी उघडा, म्हणजे त्याची कळ वाळूच्या वर राहील. कळीत वाळू गेली की ती घट्ट बसत नाही आणि नंतर उघडतही नाही. छत्री घेऊ नका, असे स्पष्टच सांगतो. छत्रीसकट इझल पालथे पडायला एक झोत पुरतो. त्याऐवजी रुंद काठाची, हनुवटीखाली बांधता येणारी टोपी घ्या आणि पॅलेट व चित्र दोन्ही एकाच सावलीत येतील असे उभे राहा. चित्रावर थेट ऊन असेल तर रंग नकळत गडद लावले जातात आणि घरात आणल्यावर चित्र काळवंडलेले वाटते.

वारा जमिनीलगतची वाळू उडवतो, त्यामुळे पुळणीपेक्षा खडक, धक्का किंवा बांध बरा. तरी चित्रावर वाळू बसणारच. मोनेने १८७० साली फ्रान्समधल्याच त्रूव्हिलच्या किनाऱ्यावर रंगवलेले एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, त्याच्या रंगात वाळूचे कण सापडले आहेत. ओल्या रंगातला कण नखाने टिपायला गेलात तर तिथे खड्डा पडतो. राहू द्या, रंग वाळला की कोरड्या ब्रशने बरीचशी वाळू झडते.

कॅनव्हासऐवजी कडक पॅनेल, म्हणजे रंगवायची फळी, घ्या. ताणलेला कॅनव्हास वाऱ्यात फुगतो, थरथरतो आणि मागून ऊन आले की आरपार उजळतो. ८ × १० इंच हा माप दीड तासात भरून निघतो. ९ × १२ पर्यंत ठीक, त्यापुढे हात वेगवान हवा. पाच दिवसांसाठी रोज दोन या हिशेबाने १० आणि वर २ राखीव, अशी १२ पॅनेले पुरतात. एमडीएफ (लाकडाच्या भुश्याची दाबलेली फळी) किंवा प्लायची असतील तर कडा आणि पाठही प्रायमरने, म्हणजे रंगापूर्वीच्या लेपाने, बंद करा. खाऱ्या दमट हवेत उघडी कड फुगते आणि एकाच बाजूने रंगवलेले पॅनेल वाकते. गेसोचे (पांढऱ्या प्रायमरचे) दोन हात, मग पातळ ॲक्रिलिकमध्ये मध्यम गडद उबदार अस्तर, बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) किंवा फिकट विटकरी. ॲक्रिलिक अस्तरावर तैलरंग चालतो, उलटे चालत नाही. हे सगळे निघण्याच्या किमान तीन दिवस आधी पूर्ण करा. अस्तर फार महत्त्वाचे आहे. पांढऱ्या पॅनेलवर फेसाचा पांढरा दिसतच नाही, त्यामुळे समुद्र गरजेपेक्षा गडद होत जातो. उबदार अस्तराचे ठिपके निळ्या-राखाडी पाण्यातून डोकावले की पाणी जिवंतही वाटते.

रंगांच्या ट्यूब आठ पुरेत: टायटॅनियम व्हाइट, लेमन किंवा कॅडमियम यलो लाइट, यलो ऑकर, कॅडमियम रेड लाइट, पर्मनंट ॲलिझरिन (गडद किरमिजी), बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन (निळा) आणि व्हिरिडियन (थंड हिरवा). काळा नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून ओल्या खडकांचा गडद होतो, आणि त्यातच पांढरा घातला की ढगाळ आकाशाचे सगळे करडे निघतात. शरदात कड्यावरचे गवत वाळलेले असते, म्हणून हिरव्यापेक्षा ऑकर जास्त लागतो. व्हिरिडियनची खरी गरज उसळत्या लाटेच्या वरच्या पातळ कडेला, जिथून उजेड आरपार येतो. त्याऐवजी थॅलो ग्रीन घेतला तर मोहरीएवढाच काढा. तो साऱ्या पॅलेटवर चढतो आणि वारा असला की कपड्यांवरही. ॲलिझरिनच्या ट्यूबवर पीआर ८३ हा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला असेल तर ती टाळा, तो रंग उजेडात उडतो. बाकी रंगांच्या ३७-४० मिलीच्या ट्यूब चालतील, पांढऱ्याची मात्र १५० मिलीची घ्या. आकाश, फेस, धुके सगळीकडे तोच लागतो आणि सहलीत सर्वांत आधी संपणारी ट्यूब हीच. पांढरा लवकर वाळणारा, अल्किडचा (कृत्रिम राळेतला) घेतला तर चित्र वाळवण्याची निम्मी अडचण मिटते. थंडीत ट्यूबमधला रंग घट्ट होतो, म्हणून पहाटे निघताना त्या दिवसाच्या ट्यूब कोटाच्या आतल्या खिशात ठेवा.

विमानाने जायचे असेल तर सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ करायचा आणि ब्रश धुवायचा द्रव, घरीच ठेवा. ज्या द्रवाचा ज्वलनांक (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटते) ६० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असतो तो ज्वलनशील धरला जातो आणि सामानात चालत नाही. टर्पेंटाइनचा ज्वलनांक ३५ च्या आसपास, म्हणजे तो सरळ बाद. बिनवासाचे काही मिनरल स्पिरिट ६० च्या वर असतात, तरी बाटलीवरच्या सूचना पाहून तपासणीत अडवले जाण्याची शक्यता राहतेच. पोचल्यावर विकत घ्या. तैलरंग स्वतः वनस्पती तेलातले असल्याने चालतात; उत्पादकाचे सुरक्षा माहितीपत्रक छापून ट्यूबसोबत ठेवा. ट्यूब आणि पॅलेट नाइफ चेक-इनच्या बॅगेत टाका, केबिनमध्ये नाही. वार्निशचे स्प्रे कुठल्याच बॅगेत नकोत.

खरे तर सॉल्व्हंटशिवायही भागते. ब्रश फडक्यात दाबून पुसा आणि डबीतल्या ५० मिली करडईच्या तेलात बुडवून पुन्हा कोरडा होईपर्यंत पुसा. इथे आळस केला तर ब्रशमध्ये राहिलेले तेल खालच्या थरात जाते, तो थर वाळत नाही आणि वरचा रंग पुढे तडकतो. सॉल्व्हंट वापरणार असाल तर रबरी वायसर असलेली, झाकण आवळता येणारी धातूची डबी घ्या. वापरलेला द्रव ओतून देऊ नका. रात्रभर ठेवला की गाळ खाली बसतो आणि वरचे स्वच्छ पुन्हा चालते.

ब्रश थोडे आणि मोठे: हॉग हेअरचे (डुकराच्या राठ केसांचे) फ्लॅट (चपटे) किंवा फिल्बर्ट (गोलसर टोकाचे चपटे) ४, ६, ८, १० नंबरचे प्रत्येकी एक-दोन, डोलकाठ्या आणि दोरांसाठी एक बारीक रिगर, एक नाइफ. याशिवाय कागदी टॉवेलचा रोल, नायट्राइलचे हातमोजे, चिमटे आणि कचऱ्याची पिशवी. पिशवी आधीच इझलला बांधा, नाहीतर पहिला चोळामोळा कागद वाऱ्याबरोबर समुद्रात जाईल. कपडे राखाडी किंवा मळकट रंगाचे हवेत, कारण पांढरा शर्ट चित्रावर झळाळी टाकतो आणि लाल शर्ट लाली. एका जागी उभे राहून पायांतून गारठा चढतो, त्यासाठी फोमचा तुकडा. गॉगल काढून ठेवायचा. पोलराइज्ड काच पाण्यावरचे प्रतिबिंब गिळते आणि तुम्ही रंगवलेला समुद्र डोळ्यांनी दिसणारा राहत नाही. हे सगळे मिळून वजन आठ किलोंच्या आत ठेवा, नाहीतर चांगली जागा सोडून गाडीजवळची जागा रंगवली जाते.

पावसाची तयारी वेगळी. दोन-चार थेंबांनी तैलरंगाचे काही बिघडत नाही. थेंब पुसू नका. झटका किंवा टिपकागदाने अलगद उचला. पाणी रंगात कालवले गेले तर रंग फुटतो आणि ब्रश घसरतो. पाण्यात मिसळणारे तैलरंग मात्र अशा हवेत नेऊ नका, समुद्राच्या तुषारांनीही ते ओघळतात. पहाटे पॅनेलवर दव धरले असेल तर ते पूर्ण सुकवूनच सुरुवात करा.

जागेवर पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटे रंग उघडू नका. पेन्सिलने तीन-चार छटांचे छोटे रेखाटन करा आणि लाटा बघा: कुठल्या खडकावर फुटतात, फेस कुठून परततो, मोठी लाट किती वेळाने येते. लाट रंगवायची ती या पाहण्यातून, एकेका लाटेचा पाठलाग करून नाही. क्षितिजरेषा काठापासून मोजून आखा. ती एका बाजूला दोन मिलिमीटर उतरली तरी समुद्र सांडल्यासारखा दिसतो. सावलीतला फेस पांढरा नसतो, निळसर करडा असतो. शुद्ध पांढरा अगदी शेवटी, दोन-तीन जागी.

ओली चित्रे न्यायची सोय निघण्यापूर्वीच करा. खाचांची पेटी असेल तर पॅनेलच्या दोन बाजू ५ मिलिमीटर कोऱ्या सोडा आणि रंगाचा थर दोन खाचांमधल्या अंतरापेक्षा जाड होऊ देऊ नका. पेटी नसेल तर सारख्या मापाची दोन पॅनेले समोरासमोर धरून चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे घाला आणि रबरबँडने बांधा. तैलरंग हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो, पाणी उडून नाही. थंडीत ही क्रिया मंदावते. अंबर हा तपकिरी रंग दोन दिवसांत वाळतो तिथे कॅडमियम आणि ॲलिझरिन आठवडाही घेतात. म्हणून परतीच्या आदल्या दिवशी जाड थराचे चित्र काढू नका.

तेलाच्या चिंध्यांचे गोळे पिशवीत कोंबून गाडीत किंवा खोलीत ठेवू नका. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि गोळ्यात ती कोंडली की चिंधी आपोआप पेटते. त्या पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या धातूच्या डब्यात ठेवा. रोज संध्याकाळी तिवई गोड्या पाण्याने धुऊन पाय पूर्ण उघडे ठेवून वाळवा, रंगपेटीच्या बिजागऱ्यांना तेलाचा थेंब द्या. घरी आल्यावर चित्रे अंधाऱ्या कपाटात नको, उजेडाच्या भिंतीला लावा. अंधारात तेल पिवळे पडते. वार्निश पातळ थराला सहा महिन्यांनी, जाड थराला वर्षाने.