जगाचा इतिहास अभ्यासायचा तर कालपट आडवा मांडा

‘सनावळ्या पाठ कर, मार्क मिळतील’ हा सल्ला मलाही मिळाला होता. सनावळ्या पाठ झाल्या, तरी नववीत मी समजून चाललो होतो की पेशवाई बुडाल्यावर फ्रेंच राज्यक्रांती झाली. का, तर तो धडा नंतर होता! प्रत्यक्षात 1789 साली पॅरिसचा बॅस्तिय तुरुंग पडून ही क्रांती सुरू झाली, तेव्हा पुण्यात सवाई माधवराव गादीवर होते.

धडा आधी गोष्टीसारखा एका बैठकीत वाचा. हायलायटर कपाटात ठेवा. पान पिवळं झालं म्हणजे अभ्यास झाला असं नाही.

मग नकाशा. तो त्या काळाचाच हवा. 1871 पूर्वी जर्मनी हे एकसंध राष्ट्र नव्हतं.

आता खरं काम, म्हणजे कालपट. कार्डशीट आडवी धरा. वरच्या कडेला वर्षं, डावीकडे एकाखाली एक पाच पट्टे: युरोप, अमेरिका, आफ्रिका व पश्चिम आशिया, चीन-जपान, भारत. एका पट्ट्यात पन्नास वर्षांमागे तीनच नोंदी. चौथी लिहायची तर आधीची एक खोडा. कोणती खोडायची यावर डोकं खाजवाल, तोच अभ्यास. माझा पहिला कालपट मुंगीच्या अक्षरात गच्च भरला होता, परीक्षेच्या आदल्या रात्री मलाच वाचता येईना.

नंतर बाण काढा, आणि इथेच बहुतेक मुलं घसरतात. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून बाण काढायचा नाही. ‘कशामुळे?’ याचं उत्तर तोंडी देता आलं तरच काढायचा. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत शेअरचा सट्टा माजला. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईतल्या कंपन्या बुडाल्या. हे बाण ठळक काढा. पण तिथून 1875 च्या, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात पेटलेल्या सावकारविरोधी दंग्यांपर्यंतचा बाण तुटक रेघेचा हवा. मधे कर्ज आहे, वाढवलेला शेतसारा आहे. एकट्या कापसावर खापर फोडू नका. जपानमधलं 1868 चं मेइजी पर्व (सम्राटाकडे पुन्हा सत्ता आली तो काळ) त्याच दशकातलं, पण त्याचा या कापसाशी संबंध नाही. तिथे बाण नको.

संस्कृतीसाठी ‘कला, धर्म, पोशाख’ असे तक्ते करू नका, दुसऱ्या दिवशी विसराल. एखादी वस्तू धरा आणि तिच्या मागे जा. मिरची घ्या: मूळची अमेरिकेतली, कोलंबसाच्या 1492 च्या सफरीनंतर बाहेर पडली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली. त्याआधी इथल्या जेवणाला तिखटपणा यायचा तो मुख्यतः मिऱ्याचा. (आजीला हे सांगून बघा, पटणार नाही.)

शेवटी एक पट्टा कागदाने झाका आणि उरलेल्या चारांवरून त्यात काय असेल ते बोलून दाखवा. अडलात तर तेवढाच धडा पुन्हा वाचा.