दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीची तयारी

दिव्यांगांच्या योजनांसाठी अर्ज करताना बहुतेक कुटुंबे आजाराच्या नावावर भर देतात. दिव्यांग प्रमाणपत्र देणारे वैद्यकीय मंडळ मात्र त्या आजारामुळे शरीराची किंवा मनाची किती क्षमता कायमची गेली, हे मोजते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, परंतु बहुतांश लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी हीच अट आहे, तर केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तीवेतनासाठी ८० टक्के दिव्यांगत्वाबरोबर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबही असावे लागते.

प्रथम केंद्र सरकारच्या स्वावलंबन या संकेतस्थळावर आधार, छायाचित्र आणि रहिवासाच्या पुराव्यासह अर्ज भरावा. सातारा जिल्ह्यातील तपासणीचे मुख्य ठिकाण म्हणजे साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय. पाटण किंवा जावळीच्या दुर्गम गावातून रुग्णाला घेऊन येणे किती जिकिरीचे असते, हे लक्षात घेऊन संबंधित तज्ज्ञ कोणत्या दिवशी बसतात याची चौकशी आधीच करावी.

खरे महत्त्व कागदांना आहे. उपचार सुरू झाल्यापासूनची डिस्चार्ज कार्डे, शस्त्रक्रियेची नोंद, एक्स-रे आणि एमआरआयचे अहवाल तारखेच्या क्रमाने लावावेत. अर्धांगवायूसारख्या मेंदूच्या विकारात सुधारणेला वाव असल्याने पहिल्या सहा महिन्यांत टक्केवारी ठरवली जात नाही, त्यामुळे घाईने गेल्यास हेलपाटा पडतो. श्रवणदोषात दोन्ही कानांची हानी किमान ६० डेसिबल असावी लागते. बोलून प्रतिसाद देऊ न शकणाऱ्या लहान मुलांसाठी बेरा चाचणी (आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद यंत्राने मोजणारी) करतात. एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेली आणि दुसरा निरोगी असला, तर साधारण ३० टक्केच मिळतात. हे अनेकांना अन्यायकारक वाटते आणि त्यांचे दुःख मला समजते. तरीही ही कल्पना आधीपासून असलेली बरी. दोन प्रकारचे दिव्यांगत्व असल्यास दोन्हींची नोंद आग्रहाने करून घ्यावी, मात्र त्यांची साधी बेरीज होत नाही, ठरलेल्या सूत्राने एकत्रित टक्केवारी काढली जाते.

मानसिक आजारात रुग्णाची रोजची अवस्था ठाऊक असलेली व्यक्ती सोबत असावी, कारण स्वतःची काळजी, संवाद, नातेसंबंध आणि काम या चार बाबींची माहिती तिच्याकडूनच नीट मिळते. त्रास वाढवूनही सांगू नये आणि संकोचाने लपवूनही ठेवू नये.

मिळालेले प्रमाणपत्र तात्पुरते असल्यास मुदत संपण्यापूर्वी फेरतपासणी करून घ्यावी. टक्केवारी मान्य नसल्यास कायद्याच्या कलम ५९ नुसार अपील करता येते. त्यासाठी निर्णयाची प्रत आणि सर्व अहवालांच्या छायाप्रती जपून ठेवाव्यात.