माउझर सी९६ घ्यायचंय? आधी नंबर वाचा, चमक नंतर बघा

लांब नळी, ट्रिगरच्या पुढे मॅगझिनचा चौकोनी डबा आणि झाडूच्या दांड्यासारखी गोल मूठ, फोटोत बघितलं तरी लगेच ओळखू येतं असं हे जर्मन पिस्तूल. मुठीमुळेच कलेक्टर लोक त्याला ब्रूमहँडल म्हणतात. ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यात फीडर्ले बंधूंनी ते डिझाइन केलं, १८९६ पासून १९३७ पर्यंत बनत राहिलं आणि एकूण दहा लाखांच्या आसपास बनली, त्यामुळे नुसतं सी९६ मिळणं काही अवघड नाही, अवघड आहे ते पहिल्या तीन-चार वर्षांतलं मिळणं, आणि त्यातही नंतर कुणी हात न लावलेलं.

मी अमेरिकेत राहतो म्हणून इथलंच सांगतोय. भारतातल्या मंडळींनी हे फक्त माहिती म्हणून वाचा, तिकडे आर्म्स अॅक्ट १९५९ लागू आहे आणि घरात आजोबांच्या ट्रंकेत असं काही निघालं तर ते साफ करत बसू नका, आधी वकिलाला विचारून लायसन्सचं काय ते रीतसर बघा.

पहिली गोष्ट, विकणारा कितीही ओळखीचा असो, पिस्तूल रिकामं आहे का ते स्वतः बघायचं. नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर, बोल्ट, म्हणजे मागचा सरकणारा भाग, मागे ओढायचा, मॅगझिन रिकामं असेल तर तो मागेच अडकून राहतो, मग चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागे काडतूस बसतं तिथे, नीट बघायचं. हे झाल्याशिवाय बाकी काही नाही.

आता हॅमर, म्हणजे ट्रिगर दाबला की आपटणारा मागचा घोडा. एकदम सुरुवातीच्या पिस्तुलांना कोन हॅमर असतो, म्हणजे हॅमरच्या दोन्ही बाजूंना पायऱ्या-पायऱ्यांचा शंकू, एकात एक गोल वर्तुळं असल्यासारखा. १८९९ च्या सुमाराला त्याच्या जागी मोठं भोक असलेला लार्ज रिंग आला आणि मग काही वर्षांनी छोट्या भोकाचा स्मॉल रिंग. स्मॉल रिंगच्या मागच्या बाजूला एन आणि एस एकमेकांत गुंतवलेले दिसले तर तो पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या नव्या सेफ्टीचा हॅमर आहे, त्यामुळे 'एकदम अर्ली पीस आहे' म्हणत कुणी असा हॅमर लावलेलं पिस्तूल पुढे केलं तर एक तर पिस्तूल अर्ली नाही किंवा हॅमर नंतर बदललाय. चेंबरवर 'सिस्टम माउझर' अशी अक्षरं असतील आणि नळीला चेंबरच्या पुढे पायरी असेल, तर थांबा आणि शांतपणे बघा, कारण हे अगदी पहिल्या काळातलं लक्षण आहे. फ्रेमची, म्हणजे पिस्तुलाच्या मुख्य सांगाड्याची, बाजू सपाट, चौकटी न कोरलेली असेल तर तो फ्लॅटसाइड, १८९९ नंतरच्या काही वर्षांतला. इटलीच्या नौदलाने १८९९ मध्ये ५,००० मागवली ती अशीच होती. आणि तुर्कस्तानची १८९७ ची १,००० पिस्तुलं कोन हॅमरचीच, पण त्यांच्यावरचे आकडे सुद्धा ऑटोमन लिपीत आहेत, ती मिळाली तर नशीबच समजा.

पण माझ्या मते खरी गोष्ट नंबरांची. कारखान्याने प्रत्येक पिस्तुलाला दिलेला पूर्ण नंबर मोठ्या भागांवर असतो आणि त्याचे शेवटचे दोन-तीन आकडे आतल्या छोट्या पार्टवर. हे पिस्तूल असं बनवलंय की मुठीचा एक स्क्रू सोडला तर आत स्क्रू नाहीतच, सगळे भाग कुलूप-किल्लीसारखे एकमेकांत अडकतात, म्हणून ते उघडता येणाऱ्या माणसाला बरोबर न्या आणि विकणाऱ्याच्या परवानगीने आतले आकडे पूर्ण नंबराशी जुळवून घ्या. लाकडी मुठीच्या आतल्या बाजूलाही बघा, आणि लाकडी स्टॉकच्या (पिस्तूल ठेवायची पोकळ लाकडी पेटी, तीच मुठीला जोडून खांद्याला टेकवता येते) लोखंडी टोकावर बऱ्याचदा नंबर असतो तोही. मी पहिल्यांदा घेतलं तेव्हा हे केलं नव्हतं. बंदुकांच्या एका शोमध्ये टेबलावर काळंभोर चकचकीत लार्ज रिंग होतं, ते आवडलं, पैसे दिले, घरी येऊन भिंगाखाली धरलं तर फ्रेमवर एक नंबर आणि बोल्टवर भलताच, आणि कारखान्याच्या नावाची अक्षरं घासून इतकी उथळ झालेली की नखाला लागत नव्हती. मूळ अक्षरांची धार बोटाला जाणवते. ज्या जुन्या पिस्तुलावर मूळ रंग आहे त्यात फ्रेम काळसर निळी असते आणि काही लहान पार्ट मोरपंखी निळ्याची झाक मारतात. सगळंच एकसारखं काळं दिसलं की समजायचं पॉलिश करून नव्याने रंगवलंय. तपकिरी पडलेलं पण प्रामाणिक पिस्तूल मी आज त्या चकचकीतच्या आधी घेईन.

नंबराचं महत्त्व आपल्याकडच्याच एका गोष्टीत दिसतं. २६ ऑगस्ट १९१४ ला कलकत्त्यात क्रांतिकारकांनी शस्त्रं विकणाऱ्या रॉडा कंपनीच्या मालातून ५० माउझर आणि ४६,००० काडतुसं पळवली. प्रत्येक पिस्तुलावर नंबर होता आणि कंपनीकडे त्याची नोंद होती, म्हणून पुढे कुठेही पिस्तूल सापडलं की पोलिसांना कळायचं की ते या ५० पैकी आहे का.

अमेरिकेत नंबराचं आणखी एक काम आहे, फेडरल कायद्यात १८९८ पर्यंत बनलेलं पिस्तूल अँटिक धरतात, १८९९ चं नाही, दिसायला दोन्ही कोन हॅमर सारखेच, फरक फक्त कधी बनलं याचा, आणि त्याचा अंदाज नंबरावरून येतो. तुमच्या स्टेटचा कायदा वेगळा असू शकतो, तो आधी वाचा. स्टॉक लावायचा असेल तर त्याचे नियम आणखी वेगळे आहेत.

आणि घेतलंत तर चालवू नका. स्प्रिंग शंभर वर्षांपेक्षा जुनी, बोल्टला मागे अडवणारा पार्ट तुटला तर बोल्ट थेट तोंडावर येऊ शकतो. टोकारेव्हची ७.६२ ची काडतुसं माउझरच्या ७.६३ मध्ये बसतात पण त्यांचं प्रेशर जास्त असतं, ती अजिबात घालू नका. 'बसतंय ना' म्हणून एक गोळी झाडली आणि फ्रेमला चीर गेली की परत येत नाही.

ठेवताना लाकडी स्टॉकमध्ये ठेवून देऊ नका, लाकूड ओल धरतं आणि दोन पावसाळ्यांत फ्रेमवर गंजाचे ठिपके येतात. मी पातळ तेलाचा कापड फिरवून वेगळ्या कपाटात ठेवतो आणि स्टॉक शेजारी. प्रत्येक नंबराचा जवळून फोटो काढून ठेवलाय, कुठला पार्ट कुठल्या फोटोत आहे ते वहीत लिहून.