चार वर्षांचं पोरगं एका जागी बसत नाही: वस्तीतल्या घराला मदत कशी करायची

हे अंगणवाडी सेविका, बालवाडीच्या ताई आणि वस्तीत काम करणाऱ्यांसाठी आहे. मूल ओळखायचं कसं ते तुम्हाला माहीतच आहे, रांगेतून पळतं, दुसऱ्याच्या हातातलं ओढतं, रस्त्यावर सुसाट सुटतं, आणि आईला येणारा-जाणारा सांगतो की धाक ठेव, साखर बंद कर. साखरेने मूल असं होत नाही, हे नव्वदच्या दशकातच तपासून झालंय. आणि मारामुळे मूल शांत बसायला शिकत नाही, मार चुकवायला शिकतं.

आधी एक. "याला एडीएचडी आहे", म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अति चळवळेपणाचा विकार आहे, असं आपण म्हणायचं नाही. या वयात बरीच मुलं चळवळी असतात. घरी आणि अंगणवाडीत, दोन्हीकडे सहा महिने तरी तसंच दिसत असेल तर पुढे जायचं, आणि ठरवायचं डॉक्टरांनीच.

मग तपासणी. ऐकू कमी येतं का, झोपेत घोरतं का, रक्त कमी आहे का, घरात मारहाण चालते का, हे सगळं बाहेरून तसंच दिसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांच्या यादीत एडीएचडी आहे, ते जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणाऱ्या केंद्रात, पाठवतात आणि सगळं मोफत आहे. पण मोफत म्हणजे फुकट नाही, आईचा त्या दिवशी खाडा पडतो, म्हणून तिच्या सुट्टीचा दिवस विचारून तारीख घ्या आणि शक्य असेल तर सोबत जा. चिठ्ठी हातात देऊन सोडलं तर ती चिठ्ठी डब्यातच राहते.

आता खरी अवघड पायरी, मला सगळ्यात जड गेलेली. चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची 2019 ची मार्गदर्शिका स्पष्ट सांगते की आधी पालकांना वागणुकीचं प्रशिक्षण, गोळ्या नंतर, तेही गरज उरली तर. प्रशिक्षण कागदावर सोपं दिसतं: रोज दहा मिनिटं मुलासोबत खेळा, चांगलं वागलं की लगेच कौतुक करा, एका वेळी एकच सूचना द्या, बारीकसारीक हट्टाकडे दुर्लक्ष करा. हे दहा बाय दहाच्या खोलीत, चार घरची धुणीभांडी करून आलेल्या बाईला जसंच्या तसं सांगणाऱ्यांचा मला राग येतो.

वेळ तुम्ही ठरवू नका. तिचा दिवस तिच्याकडून ऐका, आणि जे काम ती करतेच त्यात ती दहा मिनिटं बसवा. भाजी निवडताना, भांडी लावताना. मूल डबे-झाकणं घेऊन बसेल, खेळ त्याचा, आईने फक्त बघायचं आणि बोलायचं, "मोठं झाकण लावलंस की रे". त्या वेळात एबीसीडी विचारायची नाही, चुका काढायच्या नाहीत. भिंतीवर चिकटवायचे चांदण्यांचे तक्तेही नकोत, महिनाअखेरचं बक्षीस या मुलांना कळतच नाही, त्यांना आत्ताच्या आत्ता काहीतरी लागतं, मिठी, नाहीतर लाटायला कणकेचा गोळा.

कौतुक नेमकं हवं. "शहाणं बाळ" चालत नाही, "चप्पल जागेवर ठेवलीस, छान" चालतं. बऱ्याच आयांना हे बोलायला लाज वाटते कारण त्यांना स्वतःला असं कधी कुणी म्हटलेलं नसतं, तेव्हा भाषण न देता तिच्यासमोर मुलाशी तसं बोलून दाखवा आणि ती करेल तेव्हा तिचंही तिथल्या तिथे कौतुक करा. सूचना दारातून ओरडून नाही, जवळ जाऊन, खाली बसून, खांद्यावर हात ठेवून: "बाटली दे." एवढंच.

आणि दुर्लक्षाचा भाग सगळ्यात शेवटी शिकवा. बिस्किटासाठीच्या रडण्याकडे लक्ष देणं थांबवलं की रडणं आधी वाढतं. भिंती पातळ, शेजारीण डोकावते, आजी कळवळून मोबाइल हातात देते, आणि पोरगं शिकतं की अजून जोरात ओरडलं की मिळतं. म्हणून सुरू करण्याआधी आजी, बाप, शेजारीण सगळ्यांना सांगून ठेवा की पहिले काही दिवस वाईट जाणार आहेत. आजीला बाजूला ठेवू नका, कौतुकाचं काम तिलाच द्या. सणाच्या आठवड्यात, पाहुणे असताना सुरू करू नका. मुलाने दुसऱ्याला मारणं, चुलीकडे किंवा रस्त्याकडे धावणं, याकडे दुर्लक्ष करायचंच नाही, तिथे लगेच हात धरायचा.

एक गोष्ट मी कळकळीने सांगते. ज्या घरात आईलाच मार बसतो तिथे ही दुर्लक्षाची पद्धत सुरूच करू नका, पोराच्या आरड्याओरड्याचा राग दोघांवर निघतो. तिथे आधी तिची सुरक्षितता, महिला हेल्पलाइन 181, मुलासाठी 1098.

बाकी सोपं आहे. अंगणवाडीत मूल ताईच्या जवळ बसवा, ताटं वाटायचं काम द्या, बैठक छोटी ठेवा. या वयाला दिवसभरात दहा ते तेरा तास झोप आणि जास्तीत जास्त तासभर स्क्रीन, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, एकाच खोलीत टीव्ही असेल तर निदान झोपायच्या वेळी बंद.

आईला एका भेटीत एकच गोष्ट सांगा. एडीएचडी बऱ्याचदा घराण्यात चालत येतं, आई किंवा बापालाही लक्ष ठेवायला तितकंच जड जात असेल, तेव्हा लांबलचक समजावण्यापेक्षा व्हॉट्सअॅपवर अर्ध्या मिनिटाचा आवाजी मेसेज बरा. ती स्वतः खचली असेल तर टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आणि अपंगत्वाचा दाखला काढून देतो म्हणून पैसे मागणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत एडीएचडी नाही. सोबत दुसरं काही असेल, बोलणं उशिरा वगैरे, तर ते सरकारी रुग्णालयातच तपासून घ्या.